थेव्हनोने पाहिलेले औरंगाबाद

फ्रेंच प्रवासी ज्यां द थेव्हनो हा इ. स. १६६६ च्या मार्च महिन्यात सुरतेहून गोवळकोंड्यास जाताना औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात आला. तेव्हा त्याचे वय बत्तीस होते. कॉन्स्टँटिनोपल व कैरो येथे त्याने वास्तव्य केले होते, बगदादही पाहिले होते. गजबजलेली परकी नगरे त्यास नवी नव्हती. म्हणूनच त्याची साक्ष मोलाची ठरते.

शहरास तट नाही, हे त्याने नोंदविले आहे. तो तट औरंगजेबाने पुढे, १६८० नंतरच्या काळात बांधविला. मलिक अंबरने १६१० मध्ये वसविलेल्या खडकीचे तोवर मोठे व्यापारी नगर झाले होते. दाट वस्ती, उंच दगडी घरे, दारांपुढे भर रस्त्यात वाढलेली झाडे आणि निगा राखलेल्या बागा त्याच्या नजरेत भरल्या. लगाम व खोगीर चढवलेली बिनशिंगी मेंढरे दहा वर्षांची मुले पाठीवर घेऊन हिंडतात, याचेही त्यास कौतुक वाटले. बीबीचा मकबरा मात्र त्यास मशीद वाटला. वाटसरूची घाई दुसरे काय करणार!

येथूनच तो वेरूळास गेला. ही लेणी राक्षसांनी कोरली, पण कोणत्या काळी ते ठाऊक नाही, असे त्यास सांगण्यात आले. अर्थात यात एकट्या थेव्हनोचा दोष नाही. दहाव्या लेण्यातील भगवान बुद्धांची मूर्ती सुतार मंडळी विश्वकर्मा म्हणून पूजीत आली. ज्यांच्या भूमीत ही शिल्पे होती, त्यांनाच त्यांचे नाव उरले नव्हते. मग परक्यास ते कोण सांगणार? ही ओळख पटण्यास एकोणिसावे शतक उजाडावे लागले.

मकबऱ्याच्या उत्तरेस, डोंगरात, औरंगाबादची बौद्ध लेणी आहेत. बर्जेसने त्यांचा वृत्तान्त १८७८ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांपैकी सातव्या लेण्यात अवलोकितेश्वराचे एक भव्य शिल्प आहे. आग, चोर, बंदिवास, जहाज फुटणे, सिंह, सर्प, हत्ती व मृत्यू या आठ भयांत सापडलेले लोक त्याचा धावा करीत आहेत. व्यापारी व यात्रेकरू यांचा तो त्राता होय. थेव्हनोच्या वर्णनात या शिल्पाचा मागमूस नाही. परतीच्या वाटेवर इराणात स्वतःच्याच पिस्तुलाची गोळी लागून तो जखमी झाला आणि नोव्हेंबर १६६७ मध्ये मियाना येथे मरण पावला. त्याचा हिंदुस्थानचा वृत्तान्त १६८४ मध्ये छापला गेला.