घाटातली गाडी आणि दालनातली माहिती

महाबळेश्वरच्या रहिवाशाला नवी मोटार घ्यायची तर आधी डोंगर उतरावा लागतो. वाईकडे पसरणी घाटाने, मेढ्याकडे केळघर घाटाने किंवा पोलादपूरकडे आंबेनळी घाटाने. बहुतेकांची पावले साताऱ्याच्या, नाहीतर पुण्याच्या दालनाकडे वळतात. तेथे सपाट, चकचकीत फरशीवर गाडी उभी असते आणि तिची महती सांगणारा विक्री प्रतिनिधी पुष्कळदा नुकताच नोकरीला लागलेला असतो. मासिक हप्ता, सवलत, रंगांची नावे त्याला तोंडपाठ असतात. मात्र समुद्रसपाटीपासून सुमारे १,३५० मीटर उंचीवर, वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस झेलणाऱ्या गावात हीच गाडी कशी वागेल, हे त्याला कोणी शिकवलेले नसते.

यात त्या मुलाचा दोष थोडाच. गाडीबरोबर विमा, कर्ज आणि सजावटीचे सामान किती खपले, यावर त्याचे कौतुक ठरते; गिअरपेटीच्या ज्ञानावर नव्हे. अडचण एवढीच, की ‘माहीत नाही, विचारून सांगतो’ असे म्हणण्याऐवजी तो ‘हो, आहे ना साहेब’ असे म्हणून मोकळा होतो. त्या ‘हो’च्या भरवशावर दहा-बारा लाखांची मागणी नोंदवली जाते आणि चूक कळते ती घाटात.

सर्वाधिक गोंधळ ‘ऑटोमॅटिक’ या एका शब्दाने होतो. या नावाखाली निरनिराळ्या प्रकारची यंत्रे विकली जातात. ‘एएमटी’ म्हणजे साधीच गिअरपेटी. क्लच दाबण्याचे व गिअर बदलण्याचे काम तेवढे यंत्राकडे सोपवलेले. ती स्वस्त असते, इंधनही कमी खाते. पण चढावर ब्रेक सोडताच गाडी मागे सरकू शकते आणि ब्रेकऐवजी अ‍ॅक्सिलरेटरवर तोलून धरली तर क्लच तापतो. दुहेरी क्लचची ‘डीसीटी’ मोकळ्या रस्त्यावर चपळ असते, मात्र तिचा क्लच कोरडा असेल तर सुट्टीच्या दिवशी पसरणी घाटात लागणारी, पावलापावलाने सरकणारी रांग तिला मानवत नाही. ‘टॉर्क कन्व्हर्टर’ प्रकार अशा संथ चढाला सर्वांत सोशिक. ‘सीव्हीटी’ सुरळीत चालते, पण भरल्या गाडीने चढ घेताना इंजिनाचा आवाज चढा लागतो. म्हणून ग्राहकाने प्रकाराचे नाव विचारावे. चढावर गाडी क्षणभर धरून ठेवणारी ‘हिल होल्ड’ सोय नेमक्या आपल्या आवृत्तीत आहे का आणि उतारावर खालचा गिअर हाताने धरून ठेवता येतो का, हेही विचारावे. घाट उतरताना इंजिनाचाच लगाम उपयोगी पडतो. केवळ ब्रेकवर उतरणाऱ्याचे ब्रेक तापून ऐनवेळी दगा देतात.

डिझेल गाडीबाबतचे मौन अधिक महागात पडते. एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज सहा निकषांमुळे डिझेल मोटारींच्या धुराड्यात काजळी अडवणारी गाळणी आली. ही गाळणी स्वतःला साफ करते, पण त्यासाठी गाडी अधूनमधून काही काळ सलग, बऱ्या वेगाने चालावी लागते. हॉटेलातून बाजारपेठेत, बाजारपेठेतून बसस्थानकावर, अशा दोन-तीन किलोमीटरच्या थंड इंजिनाच्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत काजळी साचत जाते, फलकावर दिवा लागतो आणि कार्यशाळेची वाट धरावी लागते. पुण्या-मुंबईच्या फेऱ्या नियमित असतील तर डिझेल उत्तम. गावातल्या गावात फिरणार असेल तर पेट्रोलचा विचार करावा. काही डिझेल मोटारींना युरियाचे द्रावणही वेगळे भरावे लागते. विक्रेत्याने हे दोन्ही मुद्दे आपणहून सांगितले, तर तो जाणकार समजावा.

पेट्रोलमध्येही भेद आहेच. विरळ हवेमुळे टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद दर हजार मीटरला साधारण दहा टक्क्यांनी घटते. पत्रकातील आकडा महाबळेश्वरात पूर्ण मिळत नाही. टर्बो इंजिनाला ही घट फारशी जाणवत नाही.

विजेच्या गाडीबद्दल तर दालनात दोन टोकांची उत्तरे ऐकू येतात. ‘घाटात चालणारच नाही’ किंवा ‘काही फरक पडत नाही’. दोन्ही चुकीची. वाई ते महाबळेश्वर उंचीचा फरक सुमारे ६५० मीटर धरला, तर दीड टनाच्या गाडीला केवळ वर चढण्यासाठी अडीच-पावणेतीन युनिट वीज लागते. सपाटीवर लागणारी वीज वेगळी. आजच्या बॅटऱ्यांच्या मानाने हा बोजा मोठा नाही आणि उतरताना त्यातला काही भाग परतही मिळतो. पण एक मेख आहे. महाबळेश्वरातच बॅटरी शंभर टक्के भरून लगेच उतरू लागले, तर परत आलेली वीज साठवायला जागाच उरत नाही आणि गाडीचा विद्युत-लगाम सैल पडतो. वर राहणाऱ्याने प्रवासाआधी ती थोडी रिकामी ठेवलेली बरी.

जमिनीपासूनची उंची हा आणखी एक फसवा आकडा. तो रिकाम्या गाडीचा की माणसे-सामान भरलेल्या गाडीचा, हे सहसा सांगितले जात नाही. मोठ्या मोटारींवरील उपकरासाठी ही उंची रिकाम्या गाडीचीच धरायची, असे जुलै २०२३ मध्ये जीएसटी परिषदेलाही स्पष्ट करावे लागले होते. (तो उपकर सप्टेंबर २०२५ मध्ये मोटारींवरून उठला.) मागच्या काचेचा वायपर, धुक्याचे दिवे, जादा चाक की नुसती पंक्चरची पेटी, या बाबी आवृत्तीगणिक बदलतात. येथील जुलै-ऑगस्टच्या धुक्यात त्या चैनीच्या वस्तू नव्हेत.

प्रत्येक दाव्यावर एकच शांत विनंती करावी : ‘छापील पत्रकात दाखवा.’ पत्रकात नसेल तर कंपनीच्या संकेतस्थळावरील मालक-पुस्तिकेत शोधावे. तरीही शंका राहिली, तर प्रश्न व्हॉट्सअ‍ॅपवर किंवा ई-मेलवर विचारून उत्तर लेखी मिळवावे. त्यानंतर चढावरची चाचणी. साताऱ्यात यवतेश्वरचा घाट जवळच आहे, पुण्यात कात्रजचा. चार माणसे बसवून, वातानुकूलन चालू ठेवून, ऐन चढावर थांबून पुन्हा निघावे. प्रतिनिधीने केवळ शहरातील वळसा सुचवला, तरी आग्रह सोडू नये.

पैशांच्या बाबतीतही अर्धवट माहिती पुढे येते. नव्या मोटारीला तृतीय पक्ष विमा तीन वर्षांचा घ्यावा लागतो, हे खरे. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने १ सप्टेंबर २०१८ पासून तो नियम आहे. मात्र स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा एका वर्षाचाही घेता येतो आणि दोन्ही दालनातूनच घेण्याची सक्ती नाही. १० लाखांहून अधिक किमतीच्या गाडीवर विक्रेता गोळा करतो तो १ टक्का कर बुडीत नसतो; प्राप्तिकर विवरणपत्रात त्याची वजावट मिळते. ही साधी गोष्ट कित्येक प्रतिनिधींना ठाऊक नसते.

मागणी-अर्जावर आवृत्तीचे पूर्ण नाव, रंग, गिअरपेटीचा प्रकार, अपेक्षित ताबा आणि मागणी रद्द केल्यास किती रक्कम परत मिळेल, हे लिहून घ्यावे. किंमत ताब्याच्या दिवशीची लागेल, अशी ओळ बारीक अक्षरांत बहुधा असतेच. ती वाचून मगच सही करावी.

एवढे करूनही फसगत झाली, तर २० जुलै २०२० पासून अमलात आलेला ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मदतीला आहे. मालाविषयीचे खोटे विधान, तोंडी असले तरी, त्यात अनुचित व्यापारी प्रथा ठरते. मात्र ते सिद्ध करायचे तर लेखी संदेश हाती हवेत. गाडी पुण्यात घेतली असली, तरी महाबळेश्वरच्या ग्राहकाला सातारा जिल्हा ग्राहक आयोगात दाद मागता येते. मोबदला ५० लाखांपर्यंत असेल तर प्रकरण जिल्हा आयोगाकडे जाते, तक्रारीची मुदत दोन वर्षांची. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर गाऱ्हाणे नोंदवून पाहावे. काही वाद तेथेच मिटतात.

शेवटची तपासणी नोंदणीपूर्वी करावी, कारण एकदा एमएच-११ ची पाटी लागली की गाडी बदलून मागणे अवघड जाते. विक्री प्रमाणपत्रात, म्हणजे नमुना २१ मध्ये, चासी क्रमांक, इंजिन क्रमांक आणि निर्मितीचा महिना-वर्ष नोंदलेले असते. ते प्रत्यक्ष गाडीवरील १७ अक्षरांकांशी आणि आपल्या मागणी-अर्जाशी दिवसाउजेडी ताडून पाहावे.