पत्र, चित्र आणि चलच्चित्र

रावण पंचवटींत आला तो दशाननाच्या रूपानें नव्हे, भिक्षुकाच्या वेषानें. ई-मेलमधून पसरणाऱ्या उपद्रवी आज्ञावलींचा, म्हणजे संगणकाचा घात करणाऱ्या प्रोग्रॅमचा, इतिहासही अशाच वेषांतरांचा आहे.

४ मे २००० रोजीं फिलिपाईन्समधून निघालेलें एक प्रेमपत्र जगभर फिरूं लागलें. सोबतची फाईल साध्या मजकुराची भासे. परंतु तिच्या नांवाचा खरा शेवट 'व्ही.बी.एस.', म्हणजे आज्ञावलीचा, होता आणि विंडोज तो शेवट सहसा दाखवीत नसे. फाईल उघडतांच संगणकांतील चित्रें नष्ट होत आणि मालकाच्या ओळखीच्या सर्व पत्त्यांवर तेंच पत्र रवाना होई. स्नेह्याच्या नांवानें आलेल्या पत्राचा संशय कोण घेणार? कर्त्याचा शोध मनिलांत लागला. पण लागू पडेल असा कायदाच त्या देशांत नसल्यामुळें खटला उभा राहिला नाहीं.

फेब्रुवारी २००१ मध्यें पत्राची जागा चित्रानें घेतली. टेनिसपटु ॲना कुर्निकोव्हाचें छायाचित्र म्हणून आलेली फाईल पुन्हा आज्ञावलीच निघाली. तिच्या २० वर्षांच्या डच कर्त्यास १५० तासांच्या समाजसेवेची शिक्षा झाली.

मग चित्र हलूं लागलें. १८ जानेवारी २००७ रोजीं 'किरिल' वादळानें युरोपला झोडपलें, आणि लोक बातमीसाठीं व्याकुळ असतांनाच 'वादळांत २३० ठार' अशा मथळ्याचीं पत्रें येऊन धडकलीं. मृतांचा खरा आंकडा पुष्कळच कमी होता. चित्रफीत समजून सोबतची फाईल उघडली कीं संगणक परक्याच्या हुकमतीखालीं जाई. असे असंख्य संगणक पुढें जाहिरातीचीं पत्रें धाडण्यास राबविले गेले. खोडसाळपणाचा आतां धंदा झाला होता. ऑगस्ट २००८ मध्यें सी.एन.एन. या वृत्तसंस्थेच्या नांवानें बनावट बातम्या आल्या. चित्रफीत पाहण्यासाठीं प्रथम नवा 'फ्लॅश प्लेयर' उतरवून घ्या, अशी त्यांत सूचना असे. तो प्लेयर हेंच विष होतें. खरा फ्लॅश प्लेयर २०२० अखेर बंद झाला, तरी ती युक्ति इतर नांवांनीं चालूच राहिली.

या सर्व प्रकारांत कुलूप फोडावें लागलें नाहीं. दार आंतूनच उघडलें गेलें. प्रेम, कुतूहल, हळहळ हे कांहीं दोष नव्हेत. परंतु जें पत्र या भावनांना हात घालून लगेच कांहीं तरी उघडावयास किंवा उतरवून घ्यावयास सांगतें, त्याचा धनी कोण हें आधीं निराळ्या मार्गानें विचारून घ्यावें, एवढाच या इतिहासाचा धडा आहे.