जुने क्वाड-कोअर आणि वऱ्हाडचा उन्हाळा

संगणकाचा मेंदू समजल्या जाणाऱ्या प्रोसेसरची तुलना बहुधा वेगाच्या आकड्यांवर केली जाते. हे आकडे थंड खोलीत घेतलेल्या चाचण्यांचे असतात. अकोल्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जाणे नवलाचे नाही आणि अमरावतीही त्यात फारशी मागे नसते. त्यामुळे इंटेलचा ‘कोअर २ क्वाड क्यू ६६००’ आणि एएमडीचा ‘फेनॉम २ एक्स ४ ९५५’ या दोन जुन्या प्रोसेसरांपैकी एकाची निवड करताना या शहरांत वेगापेक्षा उष्णतेचा विचार आधी करावा लागतो.

दोन्ही प्रोसेसर आज जुन्या बाजारातच मिळतात. तरीही त्यांची गरज पूर्णपणे संपलेली नाही. पेजमेकर आणि युनिकोडपूर्व मराठी फाँट यांवर उभे असलेले डीटीपीचे काम नव्या संगणकावर नेणे सोपे नसते. वर्षानुवर्षांच्या फाइली त्याच पद्धतीत साठवलेल्या असतात. त्यात लग्नपत्रिकांचा हंगाम येतो तो नेमका एप्रिल-मे महिन्यांत. संगणक भर दुपारी बंद पडला तर मुहूर्त थांबत नाही.

एकात दोन, की एकातच चार?

क्यू ६६०० जानेवारी २००७ मध्ये ८५१ डॉलरला बाजारात आला आणि त्याच वर्षीच्या जुलैमध्ये त्याची किंमत २६६ डॉलरवर आली. त्याच्या लोकप्रियतेचे गमक बव्हंशी या कपातीत आहे. ६५ नॅनोमीटर तंत्राने घडवलेल्या या प्रोसेसरचा वेग २.४ गीगाहर्ट्झ. मात्र त्याचे चार कोअर एका चकतीवर नाहीत. दोन-दोन कोअरच्या दोन चकत्या एकाच झाकणाखाली बसवलेल्या असून प्रत्येकीजवळ ४ मेगाबाइट कॅश आहे. एका चकतीला दुसरीशी बोलायचे झाल्यास मदरबोर्डवरील सामायिक मार्गानेच जावे लागते आणि मेमरीकडे जाण्याचा रस्ताही तोच आहे.

एएमडीने सुरुवातीपासून चारही कोअर एकाच चकतीवर घेतले. २००७ च्या अखेरीस आलेला त्यांचा पहिला फेनॉम एका तांत्रिक दोषामुळे बदनाम झाला. एप्रिल २००९ मधील ९५५ ने ती कसर भरून काढली. ४५ नॅनोमीटर तंत्र, ३.२ गीगाहर्ट्झ वेग, प्रत्येक कोअरला अर्धा मेगाबाइट आणि सर्वांना मिळून ६ मेगाबाइट कॅश, शिवाय मेमरीचे नियंत्रण प्रोसेसरमध्येच, अशी त्याची रचना आहे. समान गीगाहर्ट्झवर दोघांत फार अंतर उरत नाही. परंतु कारखान्यातून आलेल्या वेगावर ९५५ सरस ठरतो. पेजमेकरसारखे जुने सॉफ्टवेअर चार कोअर वापरतच नाही, त्याला एका कोअरचा वेग हवा असतो. कागदावर पाहता डीटीपीवाल्याने डोळे मिटून ९५५ घ्यावा.

गणित बदलते ते उन्हाळ्यात

प्रोसेसरच्या झाकणाचे तापमान किती वाढू द्यावे, याची मर्यादा उत्पादकाने ठरवून दिलेली असते. ९५५ च्या १२५ वॅटच्या आवृत्तीसाठी ती ६२ अंश सेल्सियस आहे. क्यू ६६०० च्या पहिल्या, १०५ वॅटच्या ‘बी ३’ आवृत्तीसाठीही ती जवळपास तेवढीच, म्हणजे ६२.२ अंश. पण २००७ च्या मध्यात आलेली ‘जी ०’ आवृत्ती ९५ वॅटची असून तिची मर्यादा ७१ अंश आहे.

खोलीत २५ अंश तापमान असेल तर हे फरक जाणवत नाहीत. कॅबिनेटमधील हवा ४० अंशांवर गेली की मात्र ९५५ ला १२५ वॅटची उष्णता बाहेर टाकण्यासाठी अवघ्या २२ अंशांची मोकळीक उरते. ‘जी ०’ ला ९५ वॅटसाठी ३१ अंश मिळतात. म्हणजेच एएमडीच्या प्रोसेसरवरील पंखा आणि हीटसिंक जवळजवळ दुप्पट कार्यक्षम हवे. दोन्ही कंपन्यांची वॅट मोजण्याची रीत तंतोतंत सारखी नाही, हे मान्य केले तरी निष्कर्ष पालटत नाही. ९५५ सोबत मूळ खोक्यात तांब्याच्या नळ्यांचा हीटसिंक येत असे, तो उगाच नव्हे. जुन्या बाजारात तो हरवून साधा ॲल्युमिनियमचा बसवलेला असेल, तर असा संगणक वैशाखात टिकणे कठीण. काम नसताना ९५५ आपला वेग ८०० मेगाहर्ट्झपर्यंत उतरवतो, क्यू ६६०० मात्र १.६ गीगाहर्ट्झच्या खाली येत नाही. ही एएमडीची जमेची बाजू आहे, पण ती रिकाम्या वेळेची.

वऱ्हाडात यावर हमखास सुचणारा उपाय म्हणजे संगणकासमोर कूलर. तो अर्धाच उपाय आहे. पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात पाण्यातील क्षारांनी कूलरच्या ताट्यांवर पांढरा थर धरतो. त्याच पाण्याचे तुषार मदरबोर्डवर गेले तर तिथेही क्षार साचून गंज चढतो. कूलरने खोली थंड करावी, पण झोत थेट कॅबिनेटवर घेऊ नये. जिनिंगच्या आसपासच्या दुकानांत कापसाचे तंतू हीटसिंकच्या पात्यांत अडकून वाटच बंद करतात. दर उन्हाळ्याआधी ते साफ करणे आणि इतक्या वर्षांत वाळून गेलेली थर्मल पेस्ट बदलणे, हे कुठल्याही प्रोसेसरबदलापेक्षा अधिक लाभाचे आहे.

म्हणून चांगल्या हीटसिंकची खात्री नसेल, तर अकोला-अमरावतीत क्यू ६६०० ची ‘जी ०’ आवृत्तीच घ्यावी. तिच्या झाकणावर ‘एसएलएसीआर’ ही अक्षरे असतात. ‘एसएल९यूएम’ असेल तर ती जुनी ‘बी ३’ होय. जी-३१ चिपसेटच्या बोर्डवर ४ गीगाबाइटपेक्षा अधिक मेमरी चालत नाही, पण ३२ बिटच्या एक्सपीला तेवढीही पुरती वापरता येत नाही. एक्सपीची सुरक्षाविषयक देखभाल एप्रिल २०१४ मध्ये थांबल्याने असा संगणक इंटरनेटपासून दूर ठेवलेलाच बरा.

इंटरनेटसाठी, मुलांच्या अभ्यासासाठी संगणक हवा असेल तर यांपैकी एकही घेऊ नये. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ च्या अधिकृत यादीत दोन्ही बसत नाहीत. डेबियनसारखी लिनक्स प्रणाली दोन्हींवर चालते. परंतु २०२३ मध्ये आलेला इंटेलचा एन १०० हा प्रोसेसर केवळ ६ वॅटचा असून क्यू ६६०० हून वेगवान आहे. जुन्या आणि नव्या संगणकांत १०० वॅटचा फरक धरला, तर रोज आठ तासांच्या वापरात महिन्याला २४ युनिट वीज वाचते.

ज्यांना जुनाच घेणे भाग आहे, त्यांनी पैसे देण्यापूर्वी प्रोसेसर काढून पाहावा. एएमडीच्या पिना प्रोसेसरच्या पोटाला असतात, तर इंटेलच्या मदरबोर्डच्या सॉकेटमध्ये. म्हणजे इंटेल घेताना बोर्ड आणि एएमडी घेताना प्रोसेसर उजेडात धरून तपासायचा.