सराफ्यातला झेल

रात्री नवाच्या पुढे इंदूरच्या सराफ्यात सोन्याचांदीची दुकानं बंद होतात आणि त्यांच्याच ओट्यांसमोर शेगड्या पेटतात. त्या गर्दीत जोशी दहीबड्याच्या दुकानापुढे मी लहानपणी आजीचं बोट धरून उभी राहायची. दह्यानं भरलेला द्रोण इथं हवेत भिरकावतात. तो वर जाऊन न सांडता तळहातावर उतरतो. मग एकाच चिमटीतले पाच मसाले वेगवेगळे भुरभुरतात. सगळे द्रोणाकडे बघायचे, आजी हाताकडे. "फेकणं कुणालाही जमतं गं," ती म्हणायची, "झेलणं बघ. हात कसा जरासा खाली नेला, पाहिलंस?"

आजी सागरगोट्यांतली वाकबगार. रामबागेतल्या घरी तिच्या पुरचुंडीत करड्या, टणक बिया असायच्या. एक वर उडवायचा, तो खाली येईपर्यंत फरशीवरचे उचलायचे आणि त्याच मुठीत वरचा घ्यायचा. माझा हात ताठ, म्हणून गोटा आपटून निसटायचा.

चेंडू झेलण्याचा खेळ फार जुना आहे. इजिप्तमध्ये बेनी हसनच्या एका थडग्यात, सुमारे ४००० वर्षांपूर्वीच्या भिंतीवर, चेंडू खेळवणाऱ्या बायका रंगवल्या आहेत. दहा व्याप एकदम सांभाळणाऱ्याला इंग्रज चेंडू हवेत खेळवणारा म्हणतात. आपण तारेवरची कसरत म्हणतो. त्या शब्दात डोंबाऱ्याचा खेळ आहे आणि पडण्याची धास्ती आहे. मला मात्र झेलणे हाच शब्द खरा वाटतो. आपण हुकूम झेलतो, संकट झेलतो आणि लाडक्या नातवंडालाही वरच्यावर झेलतो. कष्ट आणि माया एकाच क्रियापदात राहतात.

या अर्थानं इंदूर हे झेललेलं गाव आहे, आणि ते झेलणाऱ्याचं नाव तात्या जोग, म्हणजे विठ्ठल महादेव किबे. २१ डिसेंबर १८१७ला महिदपूरला, क्षिप्रेच्या काठी, होळकरांची फौज इंग्रजांकडून हरली. लढाईच्या तोंडावरच कारभार पाहणाऱ्या तुळसाबाईंची त्यांच्याच माणसांनी हत्या केली होती. गादीवर दुसरे मल्हारराव, अजून पोरवयात. फौजेचे पगार थकलेले. इंदूरचा राजवाडा १८०१ मध्ये शिंद्यांच्या माणसांनी जाळलेला. अशा वेळी होळकरांच्या बाजूनं तहाचं बोलणं तात्यांनी केलं. ६ जानेवारी १८१८ला मंदसौरचा तह झाला. सातपुड्याच्या दक्षिणेचा मुलूख, खानदेशासकट, गेला आणि इंग्रजांची तैनाती फौज पदरात आली. या तहाला शरणागती म्हणणाऱ्यांशी मी आयुष्यभर वाद घालत आले आहे. त्या दिवशी हात ताठ धरला असता तर काहीच हाती राहिलं नसतं.

त्याच वर्षी राजधानी इंदूरला आली. १८२६ मध्ये वारेपर्यंत तात्या दिवाण होते. एकीकडे रेसिडेंट, दुसरीकडे देणेकरी, तिसरीकडे घर सोडून गेलेले कुळवाडी, आणि मधे तो पोरवयातला राजा. त्यांच्या लढाईचा पोवाडा कोण गाणार? ती जमाखर्चाच्या वह्यांत लढली गेली. पण शिपायांचे पगार देऊ न शकलेल्या याच संस्थानानं अर्ध्या शतकानंतर खंडवा-इंदूर रेल्वेसाठी इंग्रज सरकारला १ कोटी रुपये कर्जाऊ दिले, दुसऱ्या तुकोजीरावांच्या काळात, साडेचार टक्के व्याजानं, १०१ वर्षांच्या मुदतीवर. त्या मार्गाचं नावच होळकर स्टेट रेल्वे पडलं. शाळेत हा आकडा फळ्यावर लिहिताना माझा आवाज दरवर्षी चढायचा.

परवा भाचीला सराफ्यात नेलं. ती मोबाइल उंच धरून वर गेलेला द्रोण टिपत होती. मी तिची मनगटं धरून फोन खाली आणला, तळहाताच्या उंचीवर. घरी आल्यावर तिनं ते चित्रण तीनदा पाहिलं. मग म्हणाली, "आत्या, पणजीचे सागरगोटे कुठे आहेत?"