सहस्रकुंड ते उनकेश्वर : पैनगंगेच्या दोन तीरांचा इतिहास



वसंत व्याख्यानमालेत इतिहासावर बोलायला उभ्या राहिलेल्या माणसाकडून एखाद्या लढाईची, किल्ल्याची, निदान एखाद्या राजघराण्याची हकीकत ऐकायला मिळेल, अशी श्रोत्यांची अपेक्षा असते. मी मात्र आज आपल्यापुढे एका दिवसाच्या सहलीचा इतिहास मांडणार आहे. मानोऱ्याहून पहाटे निघावे, दिग्रस, पुसद, उमरखेड असे दक्षिणेला उतरत सहस्रकुंडाचा धबधबा पाहावा. पैनगंगा ओलांडून इस्लापूर-किनवटच्या वाटेने उनकेश्वरचे ऊन पाण्याचे झरे गाठावेत. आणि परतताना माहूरला रेणुकामातेचे दर्शन घेऊन धनोड्याच्या पुलावरून पुन्हा वऱ्हाडात यावे, अशी ही सहल आहे. आपल्यापैकी पुष्कळांनी ती केली असेल. ज्यांनी केली नसेल त्यांना ती एका दिवसात, फार तर रात्री थोडा उशीर सोसून, सहज करता येईल.

अशा सहलीत वाट दाखवणारा माणूस बरोबर असला म्हणजे तो दोन गोष्टी हमखास सांगतो. एक रामाच्या बाणाची आणि दुसरी पाण्याच्या गुणाची. दोन्ही ऐकण्यासारख्या आहेत. पण तिसरी एक गोष्ट बहुधा राहून जाते. सकाळी आणि संध्याकाळी मिळून आपण जी नदी दोनदा ओलांडतो, ती जवळजवळ शंभर वर्षे दोन राजवटींमधली सीमा होती. आणि आज आपल्याला तिथे कोणी अडवीत नाही, ही काही आपोआप घडलेली गोष्ट नव्हे. ही तिसरी गोष्ट सांगावी म्हणून मी आज उभा आहे.

प्रथम नदीविषयी. पैनगंगा बुलढाणा जिल्ह्यात अजिंठ्याच्या डोंगररांगेत उगम पावते, वाशीम जिल्ह्याच्या कडेने जाते, आणि पुढे यवतमाळ व नांदेड या जिल्ह्यांच्या मधून वाहत वर्धेला मिळते. वर्धा-वैनगंगेची प्राणहिता होते आणि प्राणहिता गोदावरीत जाते. मानोरा तालुक्यातून वाहणाऱ्या अरुणावती आणि अडाण या दोन्ही नद्या शेवटी पैनगंगेच्याच पोटात जातात. पुसदची पूसही तिलाच मिळते. म्हणजे आपल्या शेतात पडलेला पाऊस जिथे जातो, तिथेच आपण सहलीला जातो. नदी परकी नाही, हे आधी ध्यानात घेतले पाहिजे.

सहस्रकुंडाला ही नदी काळ्या कातळावरून खाली कोसळते. हा कातळ सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी पसरलेल्या लाव्हारसाचा आहे. त्याचे थरावर थर बसले. काही थर घट्ट, काही भुसभुशीत व छिद्रांचे. नदी मऊ थर लवकर झिजवते, कठीण थर मागे राहतो, आणि पायरी पडते. ती पायरी म्हणजेच धबधबा. भोवऱ्यात सापडलेले गोटे वर्षानुवर्षे एकाच जागी गरगरत राहतात आणि कातळात रांजणखळगे कोरतात. नावातली कुंडे पावसाळ्यात फेसाखाली झाकलेली असतात; उन्हाळ्यात प्रवाह क्षीण झाला म्हणजे कातळाची ही सारी कोरीव घडण उघडी पडते. म्हणून धबधबा पाहायचा तर श्रावण-भाद्रपदात जावे, आणि धबधबा कसा घडला हे पाहायचे तर पाणी ओसरल्यावर जावे. मात्र वरच्या अंगाला ईसापूरचे धरण आहे. पाऊस नसतानाही पाणी वाढू शकते. कातळ गुळगुळीत आहे. तेव्हा जागेची माहिती असलेल्या स्थानिक माणसाला विचारल्यावाचून मुलांना खाली उतरू देऊ नये. काठावर महादेवाचे देऊळ आहे. तिथून जे दिसते ते पुरेसे सुंदर आहे.

आता त्या काठावर उभे राहून समोरच्या तीराकडे पाहा. अलीकडे यवतमाळ जिल्हा, पलीकडे नांदेड. अलीकडे विदर्भ, पलीकडे मराठवाडा. आज हा भेद फक्त पाटीवर उरला आहे. पूर्वी तो तसा नव्हता. आणि त्याच्याही पूर्वी तो मुळीच नव्हता. अकबराच्या वेळच्या ऐन-ए-अकबरीत वऱ्हाड सुभ्याची जी सरकारे नोंदली आहेत त्यांत वाशीमही आहे आणि माहूरही आहे. म्हणजे नदीच्या उत्तरेचे वाशीम आणि दक्षिणेचे माहूर ही दोन्ही एकाच सुभ्याची अंगे. पैनगंगा त्या सुभ्याच्या आतून वाहत होती, सीमेवरून नव्हे.

ही स्थिती पालटली ती १८५३ साली. हैदराबादच्या निजामाच्या नावाने पोसल्या जाणाऱ्या, पण इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली असलेल्या फौजेचा खर्च थकत गेला होता. त्या कर्जाच्या फेडीसाठी आणि पुढच्या खर्चाच्या तारणासाठी २१ मे १८५३ च्या तहाने वऱ्हाड ईस्ट इंडिया कंपनीच्या ताब्यात गेले. धनी निजामच, कारभार मात्र इंग्रजांचा, असा तो चमत्कारिक प्रकार होता. १९०२ साली लॉर्ड कर्झनने त्यावर कायमच्या पट्ट्याचे शिक्कामोर्तब करून घेतले आणि वर्षाला २५ लाख रुपये निजामाला द्यायचे ठरले. १९०३ मध्ये वऱ्हाड मध्यप्रांताला जोडले गेले. १९३६ च्या करारात निजामाच्या नाममात्र स्वामित्वाचा पुन्हा उच्चार झाला आणि त्याच्या युवराजाला ‘प्रिन्स ऑफ बेरार’ हा किताब मिळाला. वऱ्हाडच्या शेतकऱ्याला या किताबाचा उपयोग शून्य. पण नदीचा काठ मात्र हद्द होऊन बसला होता.

हद्द म्हणजे काय, हे कागदावर कळत नाही, बाजारात कळते. उत्तर तीरावर इंग्रजांचा कलदार रुपया, दक्षिण तीरावर निजामाचा हाली सिक्का. सहा कलदारांना सात हाली असा साधारण भाव. उत्तरेकडे कचेरीचा कागद मराठीत, दक्षिणेकडे तोच उर्दूत. माल घेऊन पलीकडे जावे तर करोडगिरीच्या नाक्यावर जकात. शाळा वेगळी, कायदा वेगळा, वर्तमानपत्रांना असलेली मोकळीकही वेगळी. आणि या दोन तीरांवर राहणारी माणसे मात्र तीच : मराठी बोलणारा कुणबी, आंध, गोंड, आणि दोन्हीकडच्या माळांवर तांडे असलेला बंजारा. बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून देश तुडवणाऱ्या ज्या समाजाचे श्रद्धास्थान आपल्याच तालुक्यातील पोहरादेवी आहे, त्याला नदीचा उतार ठाऊक होता. तिची हद्द त्याच्या लेखी उपरी होती. नवसाला माहूरगडावर जाणारे वऱ्हाडकरही असेच हद्द ओलांडून जात.

याच वाटेने पुढे उनकेश्वर येते. किनवट तालुक्यातले हे गाव पैनगंगेच्या काठी आहे. महादेवाचे जुने देऊळ आणि त्याच्या शेजारी चाळीस अंशांहून अधिक ऊन पाण्याची कुंडे. नावाचा अर्थ उघड आहे. आपल्या भाषेत ‘ऊन’ म्हणजे गरम. कोकणात तर अशा झऱ्याला ‘उन्हाळे’ असाच शब्द आहे. रायगड जिल्ह्यातले उन्हेरे, रत्नागिरीतले उन्हवरे, खानदेशातले उनपदेव आणि आपले उनकेश्वर ही सारी एकाच शब्दाची भावंडे होत. कथाही अशीच प्रवासी आहे. शरभंग ऋषींना त्वचेचा रोग जडला होता, रामाने बाण मारून जमिनीतून ऊन पाणी काढले आणि त्या स्नानाने ऋषी बरे झाले, ही कथा उनकेश्वरला सांगतात, आणि उनपदेवलाही शरभंगाचेच नाव घेतात. दोन ठिकाणी एकच ऋषी कसा, असा वाद घालण्यात अर्थ नाही. ऊन पाणी दिसले की माणसाला रोगमुक्ती आठवते, हा या कथेतला इतिहास आहे. इंग्लंडातल्या बाथ या गावी रोमन लोकांनी सुमारे १,९०० वर्षांपूर्वी झऱ्याच्या देवतेचे देऊळ आणि स्नानगृहे बांधली, ती याच भावनेने.

पाणी ऊन का, याचे उत्तर ज्वालामुखीत शोधू नये. ज्या लाव्हारसाचा मघा उल्लेख केला तो केव्हाच निवाला आहे. पावसाचे पाणी भेगांतून खोल जाते. जमिनीच्या पोटात दर किलोमीटरला साधारण पंचवीस ते तीस अंशांनी उष्णता वाढत जाते. तापलेले पाणी जिथे खडकाला मोठी भेग आहे तिथून पुन्हा वर येते. येताना खडकातले क्षार घेऊन येते. किनवटच्या बाजूला लाव्हाचे पठार संपत येते आणि खालचे जुने खडक वर दिसू लागतात. अशा सांध्यावर भेगा असणे स्वाभाविक आहे. पैनगंगेच्या उत्तरेला यवतमाळ जिल्ह्यात कापेश्वर येथेही ऊन पाण्याचा झरा आहे. भूगर्भाने १८५३ चा तह वाचलेला नव्हता. थॉमस ओल्डहॅम यांनी केलेली भारतातल्या उष्ण झऱ्यांची यादी १८८२ साली भूगर्भ-पाहणी खात्याने छापली, तेव्हापासून असे झरे शास्त्राच्या दप्तरात आहेत. अलीकडे तर उनकेश्वरच्या पाण्यातल्या सूक्ष्म जीवांवरही प्रयोगशाळांत अभ्यास झाला आहे.

पाण्याच्या गुणाविषयी मात्र स्पष्ट बोलले पाहिजे. पिढ्यान्‌पिढ्या त्वचारोगाने गांजलेली माणसे उनकेश्वरला येऊन राहिली. त्यांत ज्याला आपण महारोग म्हणत आलो त्या रोगाचेही पुष्कळ होते. गावाने वेशीबाहेर घातलेल्या माणसाने जावे कोठे? रामाच्या कथेत ऋषीलाही तोच रोग झाला होता, एवढा दिलासा त्याला या एका ठिकाणी मिळत असे. त्या दिलाशाची थट्टा करण्याचा अधिकार आपल्याला नाही. ऊन पाण्याने कातडीला आराम पडतो, जखम स्वच्छ राहते, हेही खरे. परंतु महारोग जंतूमुळे होतो, हे नॉर्वेच्या हॅन्सनने १८७३ सालीच दाखवले. आणि १९८१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सुचवलेल्या एकत्रित औषधांनी तो सहा महिने ते वर्षभरात पुरता बरा होतो. ही औषधे सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. तेव्हा अंगावर बधिर चट्टा असलेल्याने स्नान खुशाल करावे, पण औषध चुकवू नये. हे सांगणे वाट दाखवणाऱ्या माणसाच्या कामाचाच भाग आहे, असे मी समजतो.

आता पुन्हा हद्दीकडे येतो, कारण ती कशी पुसली गेली हे सांगायचे राहिले. १९४७ साली देश स्वतंत्र झाला तेव्हा पैनगंगेचा उत्तर तीर स्वतंत्र झाला. दक्षिण तीर झाला नाही. निजामाच्या राज्याबाहेर, सीमेलगत, हैदराबाद स्टेट काँग्रेसच्या छावण्या उभ्या राहिल्या. त्यांतली एक आपल्या या वाटेवरच्या उमरखेडला होती. पुढे मराठवाड्याचे संपादक म्हणून नावाजलेले अनंत भालेराव या छावणीचे सूत्रधार होते. ३० जानेवारी १९४८ रोजी नांदेड जिल्ह्यातील उमरी येथील बँकेवर स्वातंत्र्यसैनिकांनी छापा घातला आणि मिळालेली रक्कम लढ्यासाठी उमरखेडला आणली. त्याच दिवशी संध्याकाळी दिल्लीत गांधीजींची हत्या झाली. पुढे १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौजा हैदराबाद राज्यात शिरल्या आणि १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती दिली.

पण सीमा तेवढ्याने गेली नाही, हे पुष्कळांच्या ध्यानात नसते. पुढची आठ वर्षे उत्तर तीर मध्यप्रदेशात होता आणि दक्षिण तीर हैदराबाद राज्यात. १९५५ साली मानोऱ्याहून उनकेश्वरला जाणारा यात्रेकरू मध्यप्रदेशातून निघून हैदराबाद राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्यात पोहोचत असे. १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत आदिलाबाद जिल्ह्याचा किनवट तालुका आणि बोथ तालुक्यातले इस्लापूर मंडळ मुंबई राज्यात आले. त्याच दिवशी वऱ्हाडही त्याच राज्यात आले. सहस्रकुंडाच्या दोन्ही कडा आणि उनकेश्वरचे कुंड एका छत्राखाली आले ते त्या दिवशी. १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला, तेव्हा हे मीलन पक्के झाले.

घराजवळच्या रेषाही अशाच बदलत आल्या आहेत. १९०५ पर्यंत वाशीम, मंगरूळ आणि पुसद या तीन तालुक्यांचा मिळून वाशीम जिल्हा होता. तो मोडला, तेव्हा वाशीम-मंगरूळ अकोल्याकडे गेले आणि पुसद यवतमाळकडे. १ जुलै १९९८ ला वाशीम जिल्हा पुन्हा झाला. पुसद मात्र यवतमाळकडेच राहिले. दिग्रस-पुसदच्या बाजाराला जाणाऱ्या मानोऱ्याच्या माणसाने या प्रत्येक वेळी आपली वाट बदलली का? नाही. वाट पाण्याने आणि बाजाराने ठरवलेली होती.

तेव्हा शाळांच्या सहली नेणाऱ्या शिक्षकांना माझी विनंती आहे. धबधब्यावर मुलांना पाणी दाखवा, तसा समोरचा तीरही दाखवा, आणि तिकडे जायला कोणाला काय द्यावे लागत असे ते सांगा. उनकेश्वरला बाणाची कथा सांगा आणि औषधाचीही सांगा. हाली रुपया हातात घेतलेली, नाक्यावर गाठोडे सोडून दाखवलेली, उमरखेडच्या छावणीला भाकरी पोहोचवलेली माणसे आता थोडीच उरली आहेत. कोणाच्या घरात अशी एखादी आजी, एखादे आजोबा असतील, तर त्यांना पुढच्या सहलीत मोटारीत पुढची जागा द्या आणि नदीवर आल्यावर बोलते करा. मुलांनी ते वहीत उतरवून घ्यावे. धबधबा पुढच्या पावसाळ्यात पुन्हा येईल, झरा तर बाराही महिने वाहतो. या माणसांचे तसे नाही.