हाताची तक्रार आणि यंत्राची साक्ष

आपल्या अलिबाग, मुरूड, श्रीवर्धनच्या पट्ट्यात बायकांच्या हाताला उसंत नसते. पांढऱ्या कांद्याच्या माळा, सुपारी सोलणं, कोळंबी सोलणं. यातलीच एखादी रात्री दोनला उठते आणि हात झटकत बसते. मुंग्या येतात, बोटं बधिर होतात. आपण म्हणतो, "वात असेल." या तक्रारीच्या इतिहासात ज्ञानाचा एक जुना प्रश्न आहे: दुसऱ्याची वेदना खरी कशावरून मानायची?

1880 साली बॉस्टनच्या जेम्स पुटनम यांनी अशा 37 रुग्णांची हकिगत लिहिली. रात्रीचा बधिरपणा, झटकल्यावर आराम, सगळं त्यात आहे. कारण मात्र त्यांनी रक्तवाहिन्यांत शोधलं. 1913 मध्ये फ्रान्सच्या मारी आणि फ्वा यांनी, अंगठ्याखालचा उंचवटा झिजलेल्या 80 वर्षांच्या रुग्णाचं शवविच्छेदन केलं. मनगटातल्या आडव्या पट्ट्यापाशी मीडियन नर्व्ह दबलेली होती. पट्टा वेळीच कापला तर हात वाचेल, असंही त्यांनी सुचवलं. तरी पुढे कित्येक वर्षं दोष मानेजवळच्या जादा बरगडीवर जात राहिला. 1947 मध्ये ब्रेन आणि सहकाऱ्यांनी सहा रुग्णांच्या शस्त्रक्रियांचा वृत्तान्त छापला, तेव्हा डॉक्टरांची नजर मनगटाकडे वळली.

आता यंत्राकडे येऊ. नसेतल्या संदेशाचा वेग कधी मोजता येणार नाही, असं म्युलर म्हणत. त्यांच्याच शिष्यानं, हेल्महोल्ट्झनं, 1850 मध्ये बेडकाच्या नसेत तो मोजला: सेकंदाला साधारण 27 मीटर. 1956 मध्ये सिम्पसन यांनी दाखवलं, की या रुग्णांत संदेश मनगटापाशी रेंगाळतो. आजची नर्व्ह कंडक्शन टेस्ट तेच मोजते.

मग प्रमाण कोणतं? बाईचा शब्द हे पहिलं. स्वतःच्या हाताबद्दल आप्त तीच. कोणती बोटं, हे विचारलं की अनुमान सुरू होतं: अंगठा, तर्जनी, मधलं बोट, अनामिकेची अर्धी बाजू, करंगळी बहुधा सुटते. यंत्राचा आकडा आपल्याला प्रत्यक्ष वाटतो, पण तोही अनुमानच, बरं का. संदेश उशिरा पोचला, म्हणून नस दबली असावी.

आणि अनुमानाला अटी असतात. अलिबागची चुंबकीय वेधशाळा 1904 साली इथे आली, ती मुंबईत विजेची ट्राम येणार म्हणून. सूक्ष्म मोजमापाला गडबड चालत नाही. इथेही हात गार असला तर निरोगी नससुद्धा मंद दिसते.

उलट बाजूही आहे. धूर दिसला तर अग्नी आहे. पण धूर नाही म्हणून अग्नी नाही, असं नैयायिक म्हणत नाहीत. ते तापून लाल झालेल्या लोखंडी गोळ्याकडे बोट दाखवतात. तिथे अग्नी असतो, धूर नसतो. तसंच काही रुग्णांत लक्षणं स्पष्ट आणि चाचणी नॉर्मल येते.

चाचणी हवीच. नस कुठे दबली, किती दबली, हे ती सांगते, आणि शस्त्रक्रियेचा निर्णय घ्यायला तिची मदत होते. पण "रिपोर्ट नॉर्मल, म्हणजे तुला काही नाही" हे वाक्य तर्कात बसत नाही. ते ऐकून बाई गप्प बसली आणि अंगठ्याचा स्नायू झिजला, तर तो पूर्ण भरून येईलच असं नाही. म्हणून घरात कुणी रात्री हात झटकत असेल, तर आपण आधी विचारू या: कोणती बोटं?