जपानी ॲनिमेतील इटालियन पात्रे आणि त्यांची गीते

जपानी ॲनिमेतील युरोपीय पात्रांकडे केवळ अनुकरण म्हणून पाहण्याची प्रवृत्ती बरीच रूढ आहे. इटालियन पात्रांच्या बाबतीत हे मत तपासून पाहण्याचे एक साधन म्हणजे त्या पात्रांना जोडलेली गीते होत. १९७६, १९९२ आणि २०१३ ह्या वर्षांतील तीन कृती ह्या दृष्टीने विचारात घेण्याजोग्या आहेत. तिन्हींच्या निर्मितीत हायाओ मियाझाकी ह्यांचा वाटा आहे. आणि तिन्हींत पात्र इटालियन असले, तरी प्रमुख गीत इटलीचे नाही.

पहिली कृती म्हणजे इसाओ ताकाहाता ह्यांनी दिग्दर्शित केलेली, आईच्या शोधात निघालेल्या मार्कोची ५२ भागांची दूरचित्रवाणी-मालिका. तिच्या दृश्यरचनेचे काम मियाझाकींकडे होते. एदमोन्दो दे आमिचिस ह्यांच्या १८८६ मधील 'कुओरे' ह्या पुस्तकातील एका कथेवर ती आधारलेली आहे. जिनोआच्या ह्या मुलाची आई चाकरीसाठी अर्जेंटिनास गेलेली असते. आरंभीचे कितीतरी भाग जिनोआतच घडतात. परंतु शीर्षकगीताचे नावच 'माळरानावरील मार्को' अशा अर्थाचे आहे. दारिद्र्यामुळे घर सोडावे लागणाऱ्या कुटुंबाचे भवितव्य ते गीत पहिल्याच भागापासून सुचवीत राहते.

दुसरी कृती 'कुरेनाइ नो बुता', म्हणजेच 'पोर्को रोस्सो', हा १९९२ चा चित्रपट होय. जपानच्या एका विमान कंपनीच्या प्रवाशांसाठी एक हलकीफुलकी कृती, असा त्याचा मूळ बेत होता. निर्मिती चालू असतानाच, १९९१ मध्ये युगोस्लाव्हियात युद्ध पेटले. कथा ज्या एड्रियाटिक समुद्रावर घडते त्याच्याच किनाऱ्यापर्यंत ते पोहोचले, आणि चित्रपटाचा सूर गंभीर झाला. नायक मार्को हा पहिल्या महायुद्धातील वैमानिक. फॅसिस्ट वायुदलात जाण्यापेक्षा डुक्कर राहणे तो पत्करतो. तीन वैमानिक पतींना मुकलेली जिना एक फ्रेंच गीत गाते. झाँ-बातिस्त क्लेमाँ ह्यांनी ते १८६६ मध्ये लिहिले. १८७१ च्या पॅरिस कम्यूनच्या पाडावानंतर त्या पराभवाची स्मृती त्याला कायमची चिकटली. जिनाला आवाज देणाऱ्या आणि हे गीत गाणाऱ्या तोकिको कातो ह्यांनीच रचलेले एक जपानी गीत चित्रपटाच्या अखेरीस येते. त्यातही गतकाळाचेच स्मरण आहे. इटालियन वैमानिकाची व्यथा अशा रीतीने फ्रेंच पराभवाच्या वाटेने जपानी श्रोत्यापर्यंत येते.

येथे एका शब्दाचा प्रवास उद्बोधक ठरतो. १९८५ मध्ये स्थापन झालेल्या चित्रसंस्थेस मियाझाकींनी 'गिब्ली' हे इटालियन विमानाचे नाव दिले. ते विमान कॅप्रोनी कारखान्याचे. त्याचे नाव लिबियातील वाळवंटी वाऱ्यावरून आलेले, आणि वाऱ्याचे नाव मुळात अरबी. जपानी उच्चारात मात्र त्याचे 'जिबुरी' झाले. उसना शब्द घेणाऱ्या भाषेच्या ध्वनिव्यवस्थेत शिरतो, तेव्हा तो तिचाच होऊन बोलू लागतो.

ह्याच कॅप्रोनीचे निर्माते जानी कॅप्रोनी (१८८६–१९५७) तिसऱ्या कृतीत, २०१३ च्या 'काझे ताचिनु'मध्ये, झिरो लढाऊ विमानाचे अभियंते जिरो होरिकोशी ह्यांच्या स्वप्नांत येतात. त्यांना आवाज दिला आहे तो क्योगेन ह्या परंपरागत जपानी हास्यनाट्याचे नट नोमुरा मान्साइ ह्यांनी. अखेरच्या स्वप्नात, आपले एकही विमान परतले नाही, अशी कबुली नायक देतो. त्यानंतर युमी आराइ ह्यांचे १९७३ मधील 'हिकोकिगुमो' ऐकू येते. त्याचा विषय एका कोवळ्या जिवाचा अकाली मृत्यू हा आहे. युद्धाचा त्यात उल्लेखही नाही.

ह्या अनुल्लेखाचा अर्थ काय, हा ह्या इतिहासातील सर्वांत कठीण प्रश्न होय. १९९२ च्या नायकाने नकार दिला होता. २०१३ च्या नायकाने विमान बांधून दिले, आणि १९४४–४५ मध्ये त्याच झिरोतून जपानी तरुण आत्मघातकी हल्ल्यांसाठी गेले. युद्धाचे नाव न घेणारे गीत त्या मृत्यूंचा शोक करते, असे म्हणता येईल. त्यांची जबाबदारी आकाशात विरून जाऊ देते, असेही म्हणता येईल. इतके मात्र निश्चित, की हा प्रश्न इटलीचा नसून जपानचा आहे. इटालियन पात्राने त्याला अंतर दिले. गीताने ते अंतर पुसून टाकले.